झालं म्हना

इंगळे सुभेदार पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "खुर्ची ओढून बसा." ते म्हणाले, "खुर्ची ओढून बसतो." मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "बसलो."

मी पुण्याची, त्यातून पेठेतली. आमच्याकडे आपलंच वाक्य आपल्याला कोणी परत ऐकवलं तर त्याचा अर्थ एकच होतो. मी जरा ताठ झाले. चहा घेणार का म्हणून विचारलं, तर "चहा घेनार का" असं आधी स्वतःशी म्हणून मग "घेतो" म्हणाले. चेहरा इतका सरळ की टिंगल करणाराही लाजेल. मी मनाशी ठरवलं की हा माणूस पक्का बेरकी आहे, आणि पुढे आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

काम आमचं तोफेचं होतं. विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्यावरून आत वळलं की आमच्या कंपनीची शेड लागते. तिथे आम्ही ट्रकवर बसवलेली, आपली आपण चालणारी तोफ बनवत होतो. माझ्याकडे तिच्या हालचालींचा भाग होता, म्हणजे पाय टेकणं, नळी उचलणं, नळी खाली घेणं वगैरे. माझ्या सासूबाई शेजारी विचारणाऱ्यांना "ती ट्रकच्या कंपनीत आहे" असं सांगत आणि विषय बदलत. इंगळे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तोफ ज्यांना वापरायची त्यांच्या बाजूने बोलणारा एक माणूस हवा, म्हणून कंपनीने त्यांना सल्लागार नेमलं होतं. मूळचे ते बुलढाण्याकडचे. पुण्यात घर करून बरीच वर्षं झाली होती, पण भाषेने त्यांनी गाव सोडलं नव्हतं. पुण्याच्या गोड भाजीला ते "शिरा" म्हणत आणि डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवरच जेवण करत.

शेवटी एकदा न राहवून मी विचारलंच, "तुम्ही माझं प्रत्येक वाक्य परत का म्हणता?"

"परत काहून म्हनतो," त्यांनी सवयीने म्हटलं, आणि मग स्वतःलाच हसू आलं. "तोफेपाशी कान काई कामाचा नसते, मॅडम. साहेब म्हनते उजवीकडं, अन् पोट्ट्याले ऐकू येते डावीकडं. मंग गोळा कोठी जाईन? म्हनून ज्याले हुकूम भेटला, त्यानं तो मोठ्यानं परत म्हनायचा. अन् काम झालं का झालं म्हनायचं. दोन डाव बोलायचं. मंधात काई नाई."

त्यांचा डावा कान तोफांनी कधीच नेला होता. उजव्यात यंत्र होतं, आणि तेही मूडमध्ये असेल तर चाले. त्यामुळे ही रीत त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घर, बाजार, बँक, सगळीकडे ते तसेच वागत. दुसऱ्याकडूनही त्यांची तीच अपेक्षा असे. कोणाला काही काम सांगितलं की ते तिथून हलत नसत. "दार लावा" म्हणाले आणि तुम्ही दार लावलंत, तरी ते उभेच. मग सावकाश म्हणत, "झालं म्हना." दार त्यांना समोर दिसत असे, तरीही. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ह्याचा वैताग यायचा. कॅन्टीनमधला मुलगा मात्र चहा ठेवला की सलाम ठोकून "झालं" म्हणायला शिकला होता.

फक्त एका माणसाने त्यांच्यापुढे कधी हार मानली नाही. त्यांच्या पत्नीने, कमलकाकूंनी. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हाच मला हे कळलं. सुभेदारांनी आतल्या खोलीतून विचारलं, "गॅस बंद केला काय?" काकू माझ्यासमोर पोहे ठेवत होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. सुभेदारांनी पुन्हा विचारलं. काकू मला म्हणाल्या, "लिंबू पिळू का तुमाले?" शेवटी सुभेदार स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले, बघून आले आणि स्वतःच म्हणाले, "बंद हाये."

काकू शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हेच चालू हाये. घरात काय तोफा ठेवल्यात? मी काई झालं-बिलं म्हनत नाई." त्यात राग नव्हता. हट्टाला हट्ट होता, आणि दोघांनाही तो बहुधा आवडत असावा.

तुम्हाला वाटेल, असा जुन्या वळणाचा माणूस नव्या तोफेला नाकं मुरडत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. काही बाबतींत त्यांनी मुरडलीही. संगणक वाळवंटातल्या उन्हात टिकणार नाही म्हणून ते आमच्याशी महिनाभर भांडले, आणि तो टिकला तेव्हा "या साली ऊन कमी व्हतं" म्हणून मोकळे झाले. गोळा यंत्राने भरण्यावरही त्यांचा विश्वास नव्हता, आणि तिथेही ते चुकले. पण तोफेवर त्यांचं प्रेम बसलं होतं. ते तिला "पळपुटी" म्हणत. आमच्या एका मोठ्या साहेबांना हे नाव फार झोंबलं. त्यांनी सुभेदारांना सांगितलं की सैन्याच्या तोफेला असं म्हणू नये.

"असं म्हनू नाई," सुभेदार म्हणाले. पुढे म्हणतच राहिले.

त्या नावामागचं कारण त्यांनी मला शेडमध्ये तोफेभोवती फिरून फिरून समजावलं होतं. ओढून न्यायची जुनी तोफ मोर्चावर लावायची म्हणजे माणसांचा घोळकाच लागे. तिचे पाय फाकवायचे, जमिनीत रोवायचे, नळीची दिशा मोजून घ्यायची, गोळे हातांनी वाहायचे. सगळं जमून पहिला गोळा सुटेपर्यंत चहा गार होई. त्यानंतर खरं संकट. गोळा हवेत असतानाच पलीकडचं रडार त्याची वाट मागे मागे शोधत तुमच्या तोफेपर्यंत येतं, आणि आता तर डोक्यावर ड्रोनही फिरत असतात. पलीकडून उत्तर येणारच. ते यायच्या आत तोफ गुंडाळून निघायचं, तर पुन्हा तो घोळका, पुन्हा तेवढाच वेळ. आमची तोफ रस्त्यावरून चालत येई, थांबे, आपण कुठे उभे आहोत ते तिला ठाऊकच असे. पाय टेकायचे, नळी स्वतःच रोखली जायची, यंत्र गोळे भरायचं. एकामागून एक गोळे वेगवेगळ्या उंचीने असे सोडायची की ते पलीकडे जवळजवळ एकदमच पडावेत. आणि पहिला गोळा पडतो न पडतो तोच ती पाय उचलून चालू लागायची. सगळं करायला केबिनमध्ये, पोलादी भिंतींच्या आत बसलेली तीन-चार माणसं पुरत.

"आमाले शिकवलं व्हतं, तोफ सोडायची नाई, मेलं तरी," ते म्हणाले. "बरोबरच हाये ते. पन उभं राहून मरायची हौस ज्याले असंन त्याले असू द्या, मॅडम. हे पोट्टे मारतीन अन् पळतीन. लाज नाई त्याच्यात काई."

मग म्हणाले, "तिकडं बी आपल्यासारखेच असते कोनी तोफेपाशी. तो ईचार मी जास्त करत नाई." त्यानंतर बराच वेळ ते गाडीच्या चाकातली माती बोटाने काढत बसले.

आता क्लॅम्पचं सांगते, कारण सुभेदारांची सगळी गोष्ट त्यावरच येऊन थांबते.

तोफ रस्त्याने जाताना तिची लांबलचक नळी हिंदकळू नये म्हणून तिला एक मजबूत पोलादी पकड लागते. तिला क्लॅम्प म्हणतात. गोळे मारून झाले की नळी खाली घ्यायची, क्लॅम्प लावायचा, मग निघायचं. क्लॅम्प न लावता निघालात तर खडबडीत रस्त्यावर आतली यंत्रणा मोडते. आमच्या पहिल्या आराखड्यात हा क्लॅम्प हाताने लावायचा होता. म्हणजे सगळी तोफ आपोआप, फक्त शेवटी एकाने केबिनमधून उतरायचं, मागे जाऊन क्लॅम्प अडकवायचा आणि परत चढायचं. आमचे प्रकल्पप्रमुख देशपांडे सर म्हणत की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मोटर बसवली की वजन वाढतं, वायरिंग वाढतं, आणि वाळूत बिघडायला आणखी एक जागा होते. हे खोटं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

ज्या बैठकीत हा आराखडा मांडला तिथे सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "नाई." कारण विचारलं तर आणखी मोठ्याने म्हणाले, "कोनी खाली उतरनार नाई." देशपांडे सर म्हणाले, "इंगळे, आम्हाला ऐकू येतं. तुम्हाला नसेल येत." बाकीचे हसले. सुभेदार बसले नाहीत, बाहेर निघून गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेले. शेडच्या मागे एक कडुनिंब आहे, तिथे ते उभे होते. तिथे त्यांनी मला भगवानची गोष्ट सांगितली. गोष्ट त्यांनी फक्त एकदा सांगितली आणि मी पुन्हा कधी विचारली नाही.

भगवान तायडे त्यांच्या शेजारच्या गावचा. दोघं एकाच वेळी भरती झालेले, पुढे एकाच तोफेवर आले. सुभेदार तेव्हा हवालदार, तोफेचे नंबर एक, म्हणजे प्रमुख. जागा डोंगरातली, सीमेजवळची. ह्यांनी गोळे मारले आणि पलीकडून उत्तर येऊ लागलं. जागा सोडायचा हुकूम आला. सगळ्यांनी मिळून तोफ गुंडाळली, ओढणारी गाडी जोडली, माणसं गाडीत चढली. क्लॅम्प राहिला होता. त्यांनी भगवानला सांगितलं, क्लॅम्प लगाओ. भगवानने रीतीप्रमाणे मोठ्याने परत म्हटलं, क्लॅम्प लगाता हूँ, आणि तो उडी मारून मागे गेला.

"परत म्हनला, अन् गेला," सुभेदार म्हणाले. "मी वाट पाहून राह्यलो, आता म्हनंन लागला, आता म्हनंन. मंग गोळाच आला."

त्यांनी कडुनिंबाच्या बुंध्याला हात टेकला.

"धूर बसल्यावर मी गेलो. भगवान तं नाई राह्यला. क्लॅम्प लागला व्हता, ताई. बराबर लागला व्हता." मला ते तेव्हापासून ताई म्हणू लागले.

त्यानंतर क्लॅम्पची मोटर माझ्या डोक्यातून गेली नाही. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी मिळून वजन कमी करून, वाळू आत जाणार नाही असं झाकण करून ती बसवून दाखवली. देशपांडे सरांनी कुरकुरत मान्यता दिली. केबिनमधलं बटण दाबलं की नळी खाली येई, क्लॅम्प लागे आणि पडद्यावर छोटा हिरवा दिवा लागे. पडद्याचं काम हिंजवडीच्या एका कंपनीतला तन्मय नावाचा मुलगा करत होता. तो म्हणाला, "सर, ग्रीन म्हणजे डन. बोलायची गरजच नाही." सुभेदारांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शेडला जिलबी खाऊ घातली. ती गोड आहे म्हणून स्वतः खाल्ली नाही.

मग चाचणीचा दिवस आला. राजस्थानातली रेंज, सकाळची वेळ. मांडवात सैन्याचे अधिकारी दुर्बिणी घेऊन बसलेले. तोफेवर सैन्याचीच तरुण मुलं होती, आमच्याकडे शिकलेली. देशपांडे सर तोंडाने कडू असले तरी माणूस वाईट नाही. केबिनमध्ये मागे एक जादा जागा होती. ते सुभेदारांना म्हणाले, "तुम्ही बसा आत. तुमचाच हट्ट आहे, बघा कसा चालतो ते." सुभेदार म्हणाले, "आत बसतो." चढले. दारातून मला हात करून म्हणाले, "बसलो."

तोफ आली, थांबली, पाय टेकले. एकापाठोपाठ एक गोळे सुटले. माझ्या छातीत ते दणके बसत होते आणि मी पडद्यावरचे आकडे बघत होते. सगळं जसं हवं तसं होत होतं. नळी खाली आली. क्लॅम्प लागल्याचं मला माझ्या पडद्यावर दिसलं. आता चाकं हलायची, की झालं.

चाकं हलली नाहीत. केबिनचं मागचं दार उघडलं आणि निळ्या डगल्यातला एक म्हातारा माणूस खाली उतरला.

दार उघडं असताना गाडी हलू नये अशी सोय आम्हीच केली होती. वाळूत तोफ उभी, इंजिन सुरू, घड्याळ सुरू. सुभेदार त्या वयात जमेल तेवढं पळत मागे गेले, शिडीवर चढले आणि त्यांनी क्लॅम्पवर हात ठेवला. क्लॅम्प लागलेलाच होता. हात तसाच ठेवून ते काही क्षण उभे राहिले. मांडवातल्या सगळ्या दुर्बिणी त्यांच्यावर होत्या.

काय झालं ते मला नंतर केबिनमधल्या मुलांकडून कळलं. हिरवा दिवा पुढच्या मुलाला दिसला. त्याने चालकाला नुसती मान हलवली, चालकाने गिअर टाकला. मागच्या जागेवरून दिवा दिसत नव्हता. कानावर हेडफोन, आत यंत्राचा गोंगाट. सुभेदार वाट बघत होते की कोणीतरी म्हणेल. कोणीच म्हटलं नाही. गाडीला हिसका बसला, आणि त्यांचे पाय त्यांना न विचारता खाली उतरले. कोणी उतरू नये म्हणून सगळ्यांशी भांडले, आणि उतरले ते स्वतःच.

वेळेच्या हिशेबात ती फेरी नापास झाली. मी धावत गेले, त्यांचा हात धरून खाली उतरवलं आणि म्हटलं, "सुभेदार, जीपमध्ये बसा." ते जीपमध्ये बसले. काहीही बोलले नाहीत. त्यांनी एखादी गोष्ट परत म्हटली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याशिवाय फेरी झाली आणि तोफ सगळ्या कसोट्यांना उतरली. पण मांडवातल्या एका अधिकाऱ्याचा प्रश्न आमच्या पाठीमागे पुण्यापर्यंत आला. तुमच्याच माणसाचा त्या मोटरवर भरवसा नसेल, तर ती वाहायची कशाला? माणूस शेवटी उतरून बघणारच असेल, तर हातानेच लावू द्या. प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड गेलं. पुढच्या तोफांमध्ये क्लॅम्प पुन्हा हाताचा करावा असा प्रस्ताव आला, आणि सुभेदारांचा करार सुरक्षेचं कारण देऊन पुढे वाढवला गेला नाही. निरोपाला केक आणला होता. त्यांनी तो कापला आणि कोणी टाळ्या वाजवायच्या आत निघूनही गेले.

मी घरी गेले तर ते पलंगावर बसून होते. काकूंनी चहा दिला आणि त्याही बसल्या. एरवी त्या आत जात.

"माह्यामुळं आता पोट्ट्याइले खाली उतरवतीन," ते म्हणाले. "मीच उतरलो, ताई. दुसरा कोनी उतरला असता तं मी त्याले हानला असता."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, कारण कानातलं यंत्र टेबलावर पडलेलं होतं. काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता ते गॅसचंबी इचारत नाई." त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती.

त्यांचं समाधान मला करता आलं नाही, पण एक गोष्ट मला दिसली होती. सुभेदार मोटरवर भरवसा नव्हता म्हणून उतरले नव्हते. "झालं" असं कोणी म्हटलं नाही म्हणून उतरले होते. आणि केबिनमध्ये धूळ असेल, भीती असेल, दिव्याकडे पाठ असेल, तर उद्या विशीतला मुलगाही उतरेल. मी तन्मयला सांगितलं की दिव्यासोबत आवाज हवा. यंत्राने मोठ्याने म्हणायचं, क्लॅम्प लागला, आणि सगळ्यांच्या कानात ते जायला हवं. तन्मय म्हणाला, "मॅम, तो तर छोटासा चेंज आहे." चेंज छोटा होता, तो मान्य करून घेणं मोठं होतं. बैठका झाल्या. चाचण्या झाल्या. मुलांना वेगवेगळ्या जागांवर बसवून, दिवा झाकून, गोंगाट वाढवून पाहिलं. आवाज आला की कोणीही दाराकडे हात नेत नव्हतं. तरी निर्णय लांबत राहिला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होते.

ह्या काळात सुभेदारांना पोटाचं दुखणं निघालं, आणि ते बरं होण्यातलं नव्हतं. ते फोन करत. विचारत एवढंच, "ठरलं काय?" मी म्हणे, "अजून नाही, सुभेदार." ते म्हणत, "अजून नाई," आणि फोन ठेवत. त्यांना खोटं सांगावं असं मला कितीदा वाटलं. पण ज्या माणसाने साधं दार लागल्याचंही खोटं "झालं" कधी चालवून घेतलं नाही, त्याला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. नंतर फोन यायचे थांबले.

ज्या दुपारी शेवटी निर्णय झाला, त्या दुपारी देशपांडे सर बैठकीतून बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "ठेवा तुमचा क्लॅम्प आतून. आवाजासकट. सगळ्या तोफांना." चार पावलं जाऊन वळले. "इंगळेंना कळवा. आणि चष्मा पुसा आधी, गाडी चालवायची आहे तुम्हाला."

खडकीच्या बाजूला लष्कराचं हॉस्पिटल आहे, तिथे त्यांना ठेवलं होतं. वाटेत गाड्या तुंबल्या होत्या आणि मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होते. वॉर्डमध्ये पोचले तेव्हा सुभेदार डोळे मिटून पडले होते. छाती हलत होती, एवढंच. कानातलं यंत्र नर्सने काढून वाटीत ठेवलं होतं. काकू स्टुलावर बसून त्यांचा पाय चेपत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सकाळपासून बोलले नाई."

मी यंत्र उचलून त्यांच्या उजव्या कानात बसवलं. ते चालू झालं की नाही, मला कळेना. वाकून, वॉर्डमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं, "सुभेदार, क्लॅम्प आतूनच राहणार. ठरलं. कोणी खाली उतरणार नाही."

आणि मी वाट बघत राहिले. त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर मलाही ती सवय लागली होती. मी बोलले की ते परत म्हणणार. ओठ हलतील म्हणून मी बघत होते. ओठ हलले नाहीत. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट आमच्याकडे बघत होता. त्यांनी ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कधी कळणारही नाही. त्याच संध्याकाळी ते गेले. निर्णय आदल्या आठवड्यात झाला असता तर फोनवर मला ते परत म्हटलेलं ऐकू आलं असतं, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

पण मी तिथे वाकलेली असतानाच काकू स्टुलावरून उठल्या. पदर नीट केला, त्यांच्या कानाशी आल्या, आणि शाळेतल्या मुलीसारख्या सरळ उभ्या राहून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "क्लॅम्प आतून राह्यनार. कोनी खाली उतरनार नाई."

मग त्यांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"झालं, बरं का," त्या म्हणाल्या. "झालं."